बत्तीतात्यांच्या हातचा बल्ब

शेवटचा बल्ब तात्यांच्या हातून बसल्याशिवाय त्यांच्या शेडमधून गाडी बाहेर पडत नसे. तार कोणीही ओढो, होल्डर कोणीही बदलो, एक बल्ब बाजूला ठेवायचा. मग तात्या हात पुसत यायचे, तो बल्ब शर्टाच्या टोकाने पुसायचे, जागेवर बसवायचे आणि दिवा लागला की बोनेटवर दोन बोटांनी टकटक करून म्हणायचे, "जा आता." हे ते गाडीला म्हणायचे, मालकाला नव्हे. मालक उभा असला तर हसायचा. पण एखाद्या दिवशी तात्या टकटक करायला विसरले, तर तोच मालक किल्ली हातात घेऊन घुटमळायचा आणि हळूच म्हणायचा, "तात्या, ते राहिलं."

लोक त्यांना बत्तीतात्या म्हणत. बेचाळीस वर्षं गाड्यांच्या दिव्यांवर काढली. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं तारांनी शिकवलं. मोठ्या रस्त्याला जिथे डोंगराची वाट फुटते, तिथे त्यांची पत्र्याची शेड होती. एका बाजूला टायरवाल्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट, मागे दोन खोल्यांचं घर. शेडमधल्या फळीवर पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले. गाडीतून काढलेला बल्ब, जळका असो की चांगला, तात्यांनी कधी फेकला नाही. त्याला दोरा बांधायचा, दोऱ्याला गाडीच्या नंबराची चिठ्ठी लावायची आणि डब्यात टाकायचा. "गाडीची वस्तू आहे, कधी मागायला आली तर?" असं ते म्हणत.

"घरात साखरेला धड डबा नाही, आणि ह्यांच्या मेलेल्या बल्बांना बावन्न डबे," त्यांची बायको म्हणायची.

"मेलेले नाहीत. झोपलेले आहेत काही."

"मग तुम्हीही त्यांच्यातच झोपा."

चार वर्षांपूर्वी तात्यांच्या डोळ्यांना तपकिरी तार आणि लाल तार एकसारखीच दिसायला लागली. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. पण नव्याने घरात आलेल्या सुनेच्या ती आठ दिवसांत लक्षात आली. मुलगा लांबच्या कारखान्यात नोकरीला, महिन्यातून दोन दिवस घरी. सून दुपारचा चहा घेऊन शेडमध्ये यायची आणि कप ठेवता ठेवता सहज म्हणायची, "बाबा, लाल तुमच्या डाव्या हातात आहे." तात्या म्हणायचे, "माहीत आहे." आणि हात बदलायचे.

आधी ती त्यांचे डोळे झाली. मग हात झाली. बोटं थरथरायला लागल्यावर सॉल्डरिंगची कांडी एक दिवस त्यांनीच तिच्या हातात दिली. पोरीचा हात हलका. डाग असा टाकायची की तारेलाही कळू नये. तात्या जे बोलतील ते एका वहीत लिहून ठेवायची. 'मिणमिणता दिवा म्हणजे आधी अर्थिंगची तार तपास.' 'गंजलेल्या स्क्रूवर विश्वास ठेवू नये.' 'गिऱ्हाईक सांगतं ते अर्धं खरं, पण कुठलं अर्धं ते शोधायचं.' तात्यांना त्या वहीचा फार अभिमान होता, म्हणून ते वहीकडे कधी बघत नसत.

टायरवाल्याला मात्र हे पटायचं नाही. माणूस मनाने वाईट नव्हता, तोंडाने सैल होता. "वहिनी, दिव्याखाली अंधार म्हणतात तो तारेच्या कामातच असतो. जपून," असं काहीबाही रोज.

"तुमच्या टायरात हवा भरायला सांगा, दादा," सून मान वर न करता म्हणायची. "तोंडात पुरेशी आहे."

तर पुढे एका वर्षी सिस्टरांची व्हॅन आली. सिस्टर म्हणजे डोंगरावरच्या वस्त्यांवर फिरून लेकरांना लस टोचणाऱ्या नर्सबाई. व्हॅन जुनी, डिझेलची, पण इमानी. तिचा चालक म्हणजे हळूराव. त्यांचं खरं नाव त्यांच्या घरच्यांनाही आठवावं लागत असे. हळूराव गाडी घेऊन निघाले की रस्त्यावरची धूळसुद्धा उठायचे कष्ट घेत नसे. इंजिनाचा आवाज चढला की त्यांना वाटायचं गाडीला दुखतंय.

"पहाटे निघतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "वर धुकं असतं. हे पिवळे दिवे म्हणजे कंदील घेऊन चालल्यासारखं. सगळे एलईडी करून द्या. पुढचे, मागचे, आतले, सगळे."

तात्यांच्या कपाळावर आठी आली. एलईडीचं काम त्यांनी थोडंफार केलं होतं, पण मन बसलं नव्हतं. जुन्या बल्बात तार तापते आणि उजेड होतो, हे त्यांना समजत होतं. ह्या नव्या बल्बात काय होतं ते कोणी नीट सांगेना. पण सून पुढे झाली. "बाबा, हे मी करू? पूर्ण?"

तात्यांनी मान हलवली. पूर्ण गाडी तिने कधी केली नव्हती.

तिने केली, आणि नुसते बल्ब बदलून हात झटकले नाहीत. इंडिकेटर बदलले तर ते घाईघाईने फडफडायला लागले. तिने ओळखलं, नवे बल्ब वीज इतकी कमी खातात की इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला वाटतं एक बल्ब गेलाच. तिने फ्लॅशर बदलला आणि ठेका जागेवर आला. ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा अर्धवट लागायचा आणि शेजारचा इंडिकेटरही मिणमिणायचा. ती गाडीखाली शिरली, अर्थिंगच्या तारेचा बोल्ट घासून चकचकीत केला, ते भूत पळालं. पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून भिंतीवर खडूने रेघ मारून, इंजिन चालू ठेवून, तासभर स्क्रू पिळत बसली. तात्या खुर्चीवरून पाहत होते. मनात म्हणत होते, वा. तोंडाने म्हणत होते, "अजून जरा खाली."

एकच गोष्ट राहिली. सिस्टरांना घाई होती, हळूराव दाराशी उभे होते, आणि त्या गडबडीत सुनेने नंबरप्लेटचा शेवटचा बल्बही स्वतःच बसवून टाकला. मग ती हात धुवायला आत गेली.

तात्या उठले, हात पुसले, गाडीपाशी आले. आपल्यासाठी बल्ब ठेवलेला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.  लग्नघरी पंगत उठून गेल्यावर पोहोचलेल्या पाहुण्यासारखं त्यांना झालं. खोक्यात एक छोटा एलईडी उरला होता. तो त्यांनी उचलला. मग ते गाडीच्या आत बसले, डॅशबोर्डखाली हात घातला, आणि तिथे बोटांना एक जुना बल्ब लागला. बॅटरीच्या खुणेमागचा, लाल काचेचा, गार. सगळी गाडी नवी झाली आणि हा एकटाच जुना राहिला, असं मनात आलं. तो काढला, त्याच्या जागी नवा बसवला. इंजिन चालूच होतं. त्या वेळी तो दिवा लागायचाच नसतो, म्हणून तो लागला नाही याचं काही वाटलं नाही. जुन्या बल्बाला दोरा बांधला, चिठ्ठी लावली, डब्यात टाकला. बाहेर येऊन बोनेटवर टकटक केली.

"जा आता."

गाडी गेली. रिवाज राहिला. सुनेला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी व्हॅन वरच्या वाटेवर एका वस्तीत बंद पडली. किल्ली फिरवली की नुसतं 'टक'. उतार होता म्हणून चार माणसांनी धक्का दिला आणि सुरू झाली. तात्यांनी बॅटरी तपासली, भरून दिली. पुढच्या फेरीला पुन्हा तेच, आणि ह्या वेळी जमीन सपाट. लस टोचायला आलेल्या आयांनी लेकरं एकमेकींच्या कडेवर दिली आणि गाडी ढकलली. हळूराव आत बसून सांगत होते, "सावकाश हं, ताई. घाई नाही." एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तुला नसेल. ऊन आम्हाला लागतंय."

लशीच्या थंड पेटीत बर्फ होता म्हणून निभावलं. पण सिस्टर परत आल्या त्या थेट शेडमध्ये.

"तात्या, दिवे बदलेपर्यंत ही गाडी एकदाही थांबली नव्हती. मंगळवारी मला सगळ्यात वरच्या वस्तीवर जायचंय. बावीस लेकरं आहेत. तिथे ना उतार, ना फोन. तुम्ही खात्री दिलीत तर ह्याच गाडीने जाईन. नाहीतर सोमवारी संध्याकाळी दुसरी गाडी बघते." मग सुनेकडे वळून हलकेच म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही गं."

राग नाही म्हणाल्या तेच सुनेला जास्त लागलं.

तिने गाडी उघडली. शनिवारी दिवसभर, रविवारी दिवसभर. बॅटरीची तार सोडवून मधे टेस्ट लॅम्प लावला. कुठे चोरून वीज जात असेल तर तो लागायला हवा. लागला नाही. एकेक एलईडी काढून पुन्हा बसवला. थंड पेटीचा सॉकेट तपासला. बॅटरीचे टर्मिनल घासले. शेजारून दुसरी बॅटरी मागून लावली. मग तात्या चालकाच्या जागेवर बसायचे, त्यांच्या सवयीप्रमाणे दणकून रेस द्यायचे, इंजिन गर्जायचं, आणि ती मीटर लावून वाचायची, "चौदा पॉइंट एक." म्हणजे इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर बॅटरी भरतोय. म्हणजे सगळं ठीक. म्हणजे काहीच ठीक नाही, कारण ठीक असलेल्या गाडीत दोष शोधायचा कुठे?

"शेडमध्ये एकदम शहाणी," टायरवाला म्हणाला. "डोंगरावर गेली की नाटकं. वहिनी, जुने बल्ब घालून टाका परत. झाकली मूठ."

सून मीटरच्या तारा गुंडाळत राहिली. उलट उत्तर न देण्याची ही तिची पहिलीच वेळ होती, आणि टायरवालाही त्यामुळे गोंधळून आपल्या दुकानात गेला.

रविवारी संध्याकाळी चिमटे पुसून ठेवताना ती म्हणाली, "बाबा, कापडाच्या दुकानात हिशेबाला माणूस हवाय. परवा विचारत होते."

"मग?"

"उद्यापर्यंत दोष सापडला नाही तर मी जाते तिकडे. बायांनी लेकरं एकमेकींकडे देऊन गाडी ढकलली, बाबा. माझ्या कामामुळे. मी परत कांडी हातात घेणार नाही."

तात्यांनी "बघू" म्हटलं.  ती गेली तर शेड गेली. हे गणित मांडायला चौथीचीही गरज नव्हती. आणि शेडचं सोडा. इतका हलका हात कापडाचे गठ्ठे मोजणार, हे त्यांना सोसवेना.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही हे सांगायला नको. पण पहाटे त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. त्यांच्या आईला बरं नसलं की ती डॉक्टरसमोर खडखडीत बोलायची आणि घरी आली की अंथरूण धरायची. शेवटी डॉक्टरच एकदा घरी येऊन, तासभर नुसते बसून राहिले होते. तात्या उठले, मीटर खिशात घातलं आणि सकाळी व्हॅन न्यायला आलेल्या हळूरावांना म्हणाले, "आज मी येतो बरोबर. तू तुझी चालव. मी नाही असं समज."

"तुम्ही असून नसल्यासारखं कसं समजू?"

"गाडी चालव."

सून शेडच्या दारात उभी होती. "मी येऊ?"

"तू राहा. पत्ता लागला तर सांगतो."

हळूराव निघाले. गाडी अशी चालली जणू पाठीवर भरलेली घागर आहे. तात्यांनी मीटरच्या दोन तारा सॉकेटला लावल्या आणि आकडा मांडीवर धरला. अंक मोठे होते, तेवढं त्यांना दिसत होतं. बारा पॉइंट पाच. पेट्रोल पंपापर्यंत बारा पॉइंट चार. इंजिन चालू असताना चौदा दिसायला हवेत. कालपर्यंत शेडमध्ये चौदा दिसत होते. तात्या सरळ होऊन बसले.

"जरा रेस दे."

"कशाला? चढ नाही काही."

"दे रे."

हळूरावांनी जीवावर उदार होऊन जरासं पाऊल दाबलं. आकडा हलला नाही. "अजून." "तात्या, गाडी ओरडतेय." "ओरडू दे. अजून." इंजिन एकदा गर्जलं, आणि आकडा उडी मारून चौदाला गेला. मग हळूरावांनी पाय काढला तरी तो तिथेच राहिला.

तात्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बारा पॉइंट चार. म्हणजे अल्टरनेटर झोपलेला असतो, आणि धपाटा घातल्याशिवाय उठत नाही. शेडमध्ये आपण रोज धपाटा घालून पाहत होतो. हळूराव जन्मात कोणाला धपाटा घालणार नाहीत.

पण आधी तर हा न मारता उठायचा. मग आताच काय झालं?

"एक मात्र सुधारलं हो एलईडीने," हळूराव शांततेला घाबरून बोलू लागले. "आधी किल्ली फिरवली की तो बॅटरीचा लाल डोळा वटारायचा. मग गाडी सुरू झाली की मिटायचा. मला सकाळी सकाळी तो डोळा आवडायचा नाही. आता लागतच नाही. बरं वाटतं."

तात्यांनी मीटर मांडीवरून खाली ठेवलं.

हे त्यांना माहीत होतं. बेचाळीस वर्षं माहीत होतं. किती तरी ट्रॅक्टरवाल्यांना, टेम्पोवाल्यांना त्यांनी स्वतः समजावलं होतं की बाबांनो, त्या लाल बल्बाला खूण म्हणून हसू नका. अल्टरनेटरला सकाळी उठल्यावर पहिला घोट त्या बल्बातून मिळतो. तो घोट मिळाला की तो जागा होतो आणि स्वतःची वीज स्वतः काढायला लागतो. बल्ब नाही तर घोट नाही. आणि त्यांनी त्या जागी बसवला होता थेंबभर वीज पिणारा एलईडी, तोही बहुतेक उलटा, कारण त्याची बारीक अधिकची खूण त्यांना दिसली नव्हती. जुन्या बल्बाला सुलटं-उलटं नसतं. नव्याला असतं. उलट्यातून तर थेंबही जात नाही.

चूक पोरीची नव्हती. चूक शेवटच्या बल्बाची होती, आणि तो शेवटचा बल्ब त्यांच्या हातचा होता.

"परत फिरव," ते म्हणाले.

परतीचा रस्ता हळूरावांच्या चालीने लांबच लांब झाला. त्या वेळात तात्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कोणापासून लपवलं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. जुना बल्ब डब्यात होताच. शेडमध्ये पोहोचायचं, सुनेला आतून पाणी आणायला पाठवायचं, दोन मिनिटांत बल्ब बदलायचा आणि म्हणायचं, 'टर्मिनल सैल होतं गं, सापडलं.' गाडी सुधारेल, सिस्टर खूश होतील, सूनही राहील. कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. पण मग त्यांना दिसलं की ती वहीत लिहून ठेवेल, 'टर्मिनल मी घासले होते, तरी सैल राहिले.' आयुष्यभर ती स्वतःच्या पिळलेल्या प्रत्येक बोल्टकडे दोनदा संशयाने बघेल. तिचा हलका हात जड होईल. गाडी सुधारण्यासाठी हात बिघडवायचा, हा कुठला धंदा?

शेडपाशी गाडी थांबली तेव्हा सुनेने अवजारांचा डबा बंद करून टेबलावर ठेवला होता. शेजारी वही. टायरवाला उगाचच एक टायर गडगडवत जवळ आला. तात्यांची बायको दारात उभी.

तात्या कोणाशी न बोलता फळीपाशी गेले, चौथा डबा काढला, चाचपून एक दोरा ओढला आणि त्याच्या टोकाचा बल्ब सुनेच्या तळहातावर ठेवला.

तिने चिठ्ठीवरचा नंबर वाचला. मग बल्ब उजेडाला धरला. "हा व्हॅनचा आहे."

"हो."

"डॅशबोर्डचा. बॅटरीच्या खुणेचा." ती थांबली. "पण हा मी काढला नव्हता."

"मी काढला. त्या दिवशी तू हात धुवायला गेलीस तेव्हा. तिथे एलईडी घातला. बहुतेक उलटा." तात्यांनी टायरवाल्याकडे पाहिलं, म्हणजे त्यालाही नीट ऐकू जावं. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण. चोर मी."

टायरवाल्याने टायर भिंतीला टेकवला.

सुनेने वही उघडली. पानं मागे मागे उलटत गेली. मग वही तात्यांपुढे धरली, पण त्यांना अक्षर दिसणार नाही हे आठवून स्वतःच वाचलं, "'बॅटरीचा लाल बल्ब कधीही बदलू नये. अल्टरनेटरला पहिला घोट त्याच्यातून.' दोन वर्षांपूर्वीचं आहे. तुम्हीच सांगितलेलं. म्हणून मी तो मुद्दाम ठेवला होता. आणि मीच ठेवला म्हणून तिथे बघितलंही नाही."

"मी सांगितलेलं मीच विसरलो," तात्या म्हणाले. "तू ऐकलंस, तू लिहिलंस, तू पाळलंस."

"मग बदललात का?"

तात्यांना ह्याचं उत्तर देणं सगळ्यात जड गेलं. त्यांनी शर्टाचं टोक हातात घेतलं, जणू पुसायला काही आहे. "माझ्यासाठी बल्ब उरला नव्हता."

सुनेला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.  "नंबरप्लेटचा. घाईत मीच बसवला. अहो, मग म्हणायचं ना, 'माझा बल्ब राहिला.' गिऱ्हाइकं म्हणतात, तुम्हाला काय झालं?"

"म्हणायला हवं होतं."

"म्हणतील कसे?" बायको दारातून म्हणाली. "चाळीस वर्षांत मला कधी 'भूक लागली' म्हणाले नाहीत. भांड्यांकडे बघत बसतात."

सून हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. तीन दिवसांचं ओझं एकदम उतरल्यावर माणसाला दोन्ही एकदमच येतं. मग तिने डबा उघडला, विजेरी घेतली आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आतून आवाज आला, "उलटाच आहे." तिने आधी तो एलईडी सुलटा बसवून पाहिला, कारण अर्ध्या खात्रीवर काम सोडणं तिला तिच्या सासऱ्याने शिकवलं नव्हतं. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. हळूरावांच्या चालीने इंजिन सुरू केलं. दिवा लागलेलाच राहिला, मीटर बारावर अडकलेलं. "सुलटा असूनही पुरत नाही," ती म्हणाली. "घोट लहान पडतो."

मग तिने दोरा सोडला आणि जुना बल्ब तात्यांच्या पुढे धरला.

"बसवा."

"तू बसव. माझा हात आता..."

"हात तुमचा, डोळे माझे. आणि ह्याला सुलटं-उलटं नसतं."

तात्या आत बसले. बोटांनी जागा ओळखली. बल्ब खट्कन बसला. सुनेने किल्ली फिरवली, लाल डोळा उघडला. सेल्फ मारला, इंजिन धडधडलं, रेस नाही, काही नाही, आणि लाल डोळा शांतपणे मिटला. खिडकीतून मीटर पाहणारे हळूराव म्हणाले, "चौदा. चौदा पॉइंट दोन." इतक्या घाईने ते उभ्या जन्मात काही बोलले नसतील.

सुनेने गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. दहा वेळा. दहाही वेळा डोळा उघडला आणि मिटला. उभी हयात दिवे लावण्यात गेलेल्या माणसाला एक दिवा विझताना पाहून इतकं बरं वाटावं, याचं तात्यांना नवल वाटत राहिलं.

सोमवारी संध्याकाळी सिस्टर आल्या. सुनेने त्यांना सगळं दाखवलं. कोणी काय केलं ते मात्र तात्यांनीच सांगितलं.  मग सिस्टर सुनेला म्हणाल्या, "तू खात्री देतेस?"

"देते," ती म्हणाली.

मंगळवारी पहाटे व्हॅन गेली. तात्यांनी दिवसभर शेडमध्ये काम केलं, म्हणजे एकच होल्डर सहा वेळा पुसला. दुपारी टायरवाला दोन कप चहा घेऊन आला आणि एक सुनेपुढे ठेवला. "वहिनी, माझ्या टेम्पोचे दिवे करायचेत एलईडी. घाई नाही."

"लाल बल्ब सोडून सगळे करीन."

"तो सोडूनच म्हणतोय मी."

ऊन कलायच्या सुमाराला डोंगराच्या वाटेवरून व्हॅन येताना दिसली. धूळ उठत नव्हती, म्हणजे हळूरावच. तात्या खुर्चीतून उठले नाहीत, पण त्यांची पाठ खुर्चीला टेकली. सकाळपासून ती टेकली नव्हती, हे बायकोनेच काय ते पाहिलं.

"बावीसच्या बावीस," सिस्टर खिडकीतून म्हणाल्या. "बारा वेळा बंद केली, बारा वेळा चालू झाली. आणि ती म्हातारी विचारत होती, आज ढकलायचं नाही का म्हणून. हिरमुसली बिचारी."

"डोळा?" तात्यांनी हळूरावांना विचारलं.

"लागतो आणि मिटतो," हळूराव म्हणाले. "आता मला आवडायला लागलाय तो."

त्यानंतर शेडमध्ये शेवटचा बल्ब खुर्चीच्या हातावर एका झाकणात ठेवलेला असायचा, तात्यांना चुकूनही चुकू नये असा. एलईडी असला तर अधिकच्या बाजूला सुनेने नखपॉलिशचा ठिपका दिलेला. तात्या बसवायचे, ती किल्ली फिरवायची.

त्या मंगळवारी मात्र बसवायला काही नव्हतं. व्हॅन वळून निघायला लागली. तात्या सवयीने पुढे झाले, हात उचलला आणि थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि बोनेटवर दोन बोटांनी टकटक केली.

"जा आता," ती म्हणाली.

हळूराव गेले. अर्थात, त्यांच्या परीने.